अध्यापक शिक्षणातील पदव्या आणि त्यांची निवड (महाराष्ट्र)

शालेय शिक्षक, अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक किंवा शिक्षणशास्त्राचा संशोधक होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीसाठी महाराष्ट्रात जे पदविका, पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम उपलब्ध आहेत, त्यांना एकत्रितपणे अध्यापक शिक्षण असे म्हणतात. डी.एल.एड., बी.एड., चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, एम.एड., एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि पीएच.डी. हे त्यांपैकी प्रमुख होत. या पदव्या एकापुढे एक अशा पायऱ्यांच्या स्वरूपाच्या आहेत, असा सार्वत्रिक समज असला तरी तो अपुरा आहे. कायद्याने शाळेच्या प्रत्येक स्तरासाठी स्वतंत्र अर्हता ठरवून दिलेली असल्याने वरच्या पातळीची पदवी खालच्या स्तरावरील नेमणुकीस पुरेशी ठरतेच असे नाही. त्यामुळे कोणत्या वयोगटातील मुलांना शिकवायचे हा निर्णय आधी आणि पदवीची निवड त्यानंतर, असा क्रम या क्षेत्रात महत्त्वाचा मानला जातो. नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत अंतर, शुल्क आणि उपस्थितीचे नियम यांचाही या निवडीवर परिणाम होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीने शिक्षक तयार करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाले. मुंबईतील नॉर्मल वर्गाची जबाबदारी १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे सोपविण्यात आली होती. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनीही अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था असाव्यात असा आग्रह धरला. त्यानंतरच्या काळात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेजे निघाली. व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण होऊन ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेला शिक्षक ‘ट्रेंड मास्तर’ म्हणून ओळखला जाई.

माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले. ही संस्था आज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे. मुंबई विद्यापीठाची बी.टी. ही पदवी पुढे बी.एड. या नावाने रूढ झाली. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने एम.एड. अभ्यासक्रम सुरू केला. भारतातील तो अशा प्रकारचा पहिला अभ्यासक्रम होता. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने १९४१ मध्ये टिळक शिक्षण महाविद्यालय आणि साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेने १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू केले. पूर्वप्राथमिक क्षेत्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेल्या कार्यातून बालवाडी-शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची वेगळी परंपरा निर्माण झाली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) अध्यापक शिक्षण हे विद्यापीठीय जीवनापासून आणि प्रत्यक्ष शाळांपासूनही तुटलेले असल्याचा निष्कर्ष काढला. महाराष्ट्रातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) उभ्या राहिल्या.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात डी.एड. विद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. या विद्यालयांना मान्यता देण्या-नाकारण्यावरून निर्माण झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये सादर झालेल्या या आयोगाच्या अहवालानंतर देशभरातील अध्यापक शिक्षणाची पुनर्रचना झाली आणि बी.एड. व एम.एड. हे एक वर्षाचे अभ्यासक्रम २०१५-१६ पासून दोन वर्षांचे झाले.

नियामक संस्था आणि मान्यता

अध्यापक शिक्षणाचे नियमन राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद (एनसीटीई) करते. १९७३ पासून केवळ सल्लागार स्वरूपाची असलेली ही परिषद १९९३ च्या कायद्याने वैधानिक झाली व १९९५ पासून त्या स्वरूपात कार्यरत आहे. महाराष्ट्रातील संस्था तिच्या पश्चिम विभागीय समितीच्या कक्षेत येतात. प्रत्येक संस्थेला अभ्यासक्रमनिहाय आणि प्रवेशक्षमतेसह मान्यता घ्यावी लागते. एखाद्या संस्थेच्या बी.एड. अभ्यासक्रमाला मान्यता असली म्हणून तिच्या एम.एड. अभ्यासक्रमाला ती आपोआप लागू होत नाही. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची अर्हता शासकीय व अनुदानित शाळांतील नेमणुकीसाठी कायद्याने अग्राह्य ठरते. त्यामुळे प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक असते.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाशी संबंधित विशेष शिक्षणाच्या पदव्यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता लागते. राज्यात डी.एल.एड.चा अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे ही संस्था ठरविते, तर बी.एड. व एम.एड. यांचा अभ्यासक्रम संबंधित विद्यापीठ ठरविते. बी.एड. व एम.एड. यांच्या प्रवेशपरीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष (सीईटी कक्ष) घेतो.

शालेय स्तर आणि किमान अर्हता

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार एनसीटीईने २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता निश्चित केली. नववी ते बारावीसाठीची अर्हता २०१४ च्या विनियमांत दिलेली आहे. या तरतुदींचा सारांश पुढीलप्रमाणे आहे.

• इयत्ता पहिली ते पाचवी : बारावी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण (राखीव प्रवर्गांना सवलत), दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) पेपर १.
• इयत्ता सहावी ते आठवी : पदवी व डी.एल.एड., किंवा ५० टक्के गुणांसह पदवी व बी.एड.; दोन्ही बाबतींत टीईटीचा पेपर २.
• इयत्ता नववी व दहावी : ५० टक्के गुणांसह पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.
• इयत्ता अकरावी व बारावी : संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी ५० टक्के गुणांसह आणि बी.एड.

एनसीटीईने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेद्वारे बी.एड.धारकांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा प्रकरणात ही अधिसूचना रद्द केली. लहान मुलांना शिकविण्यासाठी लागणारे कौशल्य वेगळे असून बी.एड. अभ्यासक्रम त्यासाठी आखलेला नाही, असे न्यायालयाने नमूद केले. एप्रिल २०२४ मध्ये हा निर्णय पुढील नेमणुकांनाच लागू असल्याचा खुलासा झाला. या निर्णयामुळे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधराला बी.एड. करून उपयोग होत नाही, त्याला डी.एल.एड.च करावे लागते. बारावीनंतर लगेच डी.एल.एड. आणि पदवीनंतर बी.एड. या दोन मार्गांतील फरक त्यामुळे अधिक ठळक झाला आहे.

प्रमुख अभ्यासक्रम

डी.एल.एड.

प्राथमिक शिक्षण पदविका हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. यापूर्वी तो डी.एड. व नंतर डी.टी.एड. या नावांनी ओळखला जात होता. प्रवेश बारावीच्या गुणांवर आधारित केंद्रीय पद्धतीने होतो. बालविकास, भाषा, गणित व परिसर अभ्यास यांचे अध्यापन, कला, कार्यानुभव आणि शाळेतील छात्रसेवाकाल हे त्याचे मुख्य घटक आहेत. ही पदविका मिळवून पुढे मुक्त किंवा नियमित पद्धतीने पदवी घेतल्यास सहावी ते आठवीसाठीही पात्रता प्राप्त होते. म्हणूनच प्राथमिक स्तराकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याला कमी खर्चात आणि लवकर पात्र करणारा मार्ग म्हणून तो ओळखला जातो.

बी.एड.

पदवी किंवा पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असलेल्यांना या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेता येतो. अभियांत्रिकी पदवीधरांसाठी ही अट ५५ टक्के आहे. राखीव प्रवर्गांना शासन-नियमांनुसार सवलत मिळते. राज्यस्तरीय सीईटीत मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता या घटकांवर वस्तुनिष्ठ प्रश्न विचारले जातात. इंग्रजी माध्यमासाठी भाषेची वेगळी चाचणी असते.

अभ्यासक्रमात शिक्षणाची तात्त्विक, मानसशास्त्रीय व सामाजिक अधिष्ठाने, शालेय विषयांच्या अध्यापनपद्धती आणि क्षेत्रीय कार्य यांचा समावेश असतो. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण, सराव पाठ व निरीक्षण या टप्प्यांतून छात्राध्यापक प्रत्यक्ष वर्गापर्यंत पोहोचतो. दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता असते. त्यांपैकी ४ आठवडे पहिल्या व १६ आठवडे दुसऱ्या वर्षी पूर्ण करावयाचे असतात. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, अभ्यासक्रम व प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के आणि आंतरवासितेसाठी ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे.

बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी निवडावयाच्या अध्यापनपद्धती पदवीच्या विषयांशी निगडित असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित किंवा विज्ञान यांसारखा शाळेत शिकविला जाणारा विषय पदवीला असेल तर पद्धतीची निवड सरळ होते. तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या पदवीधराला माध्यमिक शाळेत त्या विषयाची पदे मिळत नाहीत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मुख्यतः कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य विषय शिकवू शकतो आणि त्यासाठी एम.कॉम. आवश्यक असते. याचा अर्थ बी.एड.ची निवड खऱ्या अर्थाने बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम.च्या विषयनिवडीपासूनच सुरू होते.

सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांना मुक्त व दूरस्थ पद्धतीने बी.एड. करण्याची सोय आहे. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) या मार्गाने राज्यातील असंख्य शिक्षकांना पदवी दिली आहे. सेवेत नसलेल्या आणि यापूर्वी नियमित पद्धतीने कोणताही मान्यताप्राप्त अध्यापक शिक्षण अभ्यासक्रम पूर्ण न केलेल्या पदवीधराला मात्र दूरस्थ बी.एड.चा मार्ग खुला नसतो. घरी बसून बी.एड. मिळवून देण्याच्या जाहिरातींबाबत ही तरतूद विशेष लक्षात घ्यावी लागते.

एकात्मिक अभ्यासक्रम

बारावीनंतर पदवी आणि बी.एड. एकत्र पूर्ण करण्यासाठी चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्र व लगतच्या राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी भोपाळ येथील प्रादेशिक शिक्षण संस्था असे अभ्यासक्रम दीर्घकाळ चालवीत आली आहे. २०२१ मध्ये अधिसूचित झालेला एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम (आयटेप) २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला. त्याचा प्रवेश राष्ट्रीय परीक्षा संस्थेमार्फत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे (एनसीईटी) होतो. पायाभूत, पूर्वतयारी, मध्य व माध्यमिक या चारपैकी एका स्तरावर त्यात भर दिला जातो. स्वतंत्र पदवी व नंतर बी.एड. या मार्गाला पाच वर्षे लागतात. आयटेपमध्ये एक वर्ष वाचते, परंतु अठराव्या वर्षीच शिक्षकी पेशाचा निर्णय पक्का करावा लागतो.

अन्य पदव्या

शारीरिक शिक्षणासाठी बी.पी.एड. व एम.पी.एड., कलाशिक्षकांसाठी ए.टी.डी. आणि दिव्यांग मुलांच्या शिक्षकांसाठी बी.एड. (विशेष शिक्षण) हे स्वतंत्र मार्ग आहेत. त्यांची पदे, अर्हता आणि भरतीचे निकष सामान्य बी.एड.पेक्षा भिन्न असतात.

पदव्युत्तर शिक्षण

एम.एड. आणि एम.ए. (शिक्षणशास्त्र)

एम.एड. ही दोन वर्षांची व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असून ती एनसीटीईच्या नियमनाखाली येते. बी.एड. किंवा समकक्ष पदवी ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असलेल्यांना तिला प्रवेश मिळतो. लघुशोधप्रबंध, अध्यापक शिक्षण संस्थेतील आंतरवासिता आणि एखाद्या शालेय स्तरातील विशेषीकरण हे तिचे वैशिष्ट्य आहे. पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांनी मिळविलेल्यांसाठी तीन वर्षांचा एकात्मिक बी.एड.-एम.एड. अभ्यासक्रमही आहे.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही ज्ञानशाखीय पदवी आहे. तिच्यात शिक्षणाचा एक सामाजिक शास्त्र म्हणून अभ्यास होतो. शाळेतील पाठांचा सराव नसतो. ती दूरस्थ पद्धतीनेही करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हा अभ्यासक्रम चालविते. ही पदवी बी.एड.ला पर्याय ठरत नाही व केवळ तिच्या बळावर शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक होत नाही.

पदव्युत्तर पदवी निवडताना सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो. वर दिलेल्या किमान अर्हतांपैकी कोणत्याही शालेय स्तरासाठी एम.एड. आवश्यक नाही. माध्यमिक शाळेतील बी.एड. शिक्षकाला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवावयाचे असेल तर त्याला स्वतःच्या विषयातील एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. हवी. खाजगी शाळांच्या सेवाशर्ती नियमावलीत (१९८१) मुख्याध्यापकपदासाठीही प्रशिक्षित पदवीधर असणे आणि अध्यापनाचा अनुभव यांना महत्त्व आहे. एम.एड.चे प्रत्यक्ष क्षेत्र अध्यापक महाविद्यालये, डाएट व अभ्यासक्रम-निर्मिती हे आहे.

अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक

एनसीटीईच्या २०१४ च्या मानकांनुसार बी.एड. महाविद्यालयातील अध्यापनपद्धती शिकविणाऱ्या प्राध्यापकाकडे शालेय विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्ही पदव्या प्रत्येकी ५५ टक्के गुणांसह असाव्या लागतात. शिक्षणाची अधिष्ठाने शिकविण्यासाठी सामाजिक शास्त्रातील पदव्युत्तर पदवी व एम.एड., किंवा एम.ए. (शिक्षणशास्त्र) व बी.एड. असा पर्याय आहे. याखेरीज विद्यापीठीय नेमणुकीसाठी नेट, सेट किंवा पीएच.डी. आवश्यक असते. महाराष्ट्र व गोवा यांसाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. बी.ए., बी.एड. व एम.एड. एवढ्या पदव्या असूनही विषयातील एम.ए. नसल्यामुळे उमेदवार या पदासाठी अपात्र ठरू शकतो.

पीएच.डी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा आहे. एम.फिल. ही पदवी याच विनियमांनी बंद करण्यात आली. शिक्षणशास्त्रातील संशोधनासाठी शाळेतील प्रत्यक्ष अनुभव ही अट नसली तरी संशोधनाचा प्रश्न वर्गातून आलेला असल्यास त्याचा उपयोग अधिक होतो.

पदवीनंतरच्या परीक्षा व भरती

अध्यापक शिक्षणाची पदवी ही नेमणुकीची पूर्वअट आहे. ती नेमणुकीची हमी देत नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी बंधनकारक आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी घेतली. प्रत्येक पेपर १५० गुणांचा असून खुल्या प्रवर्गासाठी ६० टक्के गुण आवश्यक असतात. २०२१ च्या निर्णयानुसार तिचे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य धरले जाते. केंद्रीय विद्यालयांसारख्या संस्थांसाठी केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा (सीटीईटी) लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सेवेतील शिक्षकांनाही टीईटी लागू असल्याचा निर्णय दिला. सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत देण्यात आली. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येते, परंतु टीईटीशिवाय पदोन्नती मिळत नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

पात्रतेनंतरचा टप्पा शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचा (टेट) आहे. नावातील साधर्म्यामुळे टीईटी आणि टेट यांची गल्लत होते. पहिली पात्रता ठरविते, तर दुसरी भरतीसाठी गुणवत्ताक्रम देते. टेट २०० गुणांची असून त्यांपैकी १२० गुण अभियोग्यतेसाठी व ८० बुद्धिमत्तेसाठी असतात. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीमार्फत जिल्हा परिषद, नगरपालिका व खाजगी अनुदानित शाळांत निवड होते. खाजगी संस्थांसाठी मुलाखतीसह निवडीचा पर्यायही ठेवण्यात आला आहे.

राज्यात २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने नवीन शिक्षकभरतीवर निर्बंध आले. त्यानंतर पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ च्या प्रारंभी आणि तिसरी २०२५ मध्ये झाली. २०१८ मध्ये बी.एड. झालेल्या उमेदवाराला पुढील चाचणीसाठी सुमारे पाच वर्षे थांबावे लागले. या काळात अनेकांनी विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या मानधनावर किंवा शिकवणी वर्गांत काम केले, काहींनी क्षेत्र बदलले. पदांची संख्या विद्यार्थिसंख्येवर आधारित संचमान्यतेनुसार ठरत असल्याने पट घटलेल्या शाळांत रिक्त पदे भरली जातीलच असे नसते.

निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून होते. २०२३ मध्ये शिक्षणसेवकाचे मासिक मानधन प्राथमिकसाठी ६,००० वरून १६,०००, माध्यमिकसाठी ८,००० वरून १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी ९,००० वरून २०,००० रुपये करण्यात आले. समाधानकारक सेवेनंतर नियमित वेतनश्रेणी लागू होते.

नांदगाव तालुक्याच्या संदर्भात

नांदगाव हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण असून मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील स्थानक आहे. मनमाड हे मोठे जंक्शन याच तालुक्यात सुमारे २६ किलोमीटरवर आहे. नांदगाव येथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे (स्थापना १९१४) आणि मनमाड येथे महात्मा गांधी विद्यामंदिराचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. त्यामुळे पदवीपर्यंतचे शिक्षण तालुक्यातच घेता येते. ही महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत.

बी.एड. व एम.एड.साठी नाशिककडे जाण्याचा कल असतो. मराठा विद्या प्रसारक समाजाचे ॲड. विठ्ठलराव गणपतराव हांडे शिक्षणशास्त्र महाविद्यालय तेथे आहे. नांदगाव ते नाशिक रोड हे रेल्वेचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. पूर्वेकडे सुमारे ४० किलोमीटरवरील चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येते. दक्षिणेकडील कन्नड व वैजापूर हे तालुके छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात आहेत. अशा रीतीने तीन विद्यापीठांच्या सीमेवरील या तालुक्यातील विद्यार्थ्याला प्रवेशाचे विकल्प भरताना जिल्ह्याची हद्द ओलांडणे अनेकदा सोयीचे ठरते. प्रवेशपरीक्षा एकच असली तरी अभ्यासक्रम व सत्रपरीक्षा विद्यापीठानुसार बदलतात.

दररोज रेल्वेने ये-जा करून ८० ते ९० टक्के उपस्थिती राखणे कठीण असते. त्यामुळे वसतिगृह किंवा भाड्याची खोली यांचा खर्च शुल्काबरोबर धरावा लागतो. तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असून कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा खर्च निर्णायक ठरतो. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. शासकीय शिष्यवृत्ती व शुल्कसवलती महाडीबीटी प्रणालीमार्फत मिळतात आणि त्या सामान्यतः केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांनाच लागू असतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. घाईने संस्थास्तरावरील जागा स्वीकारल्यास या सवलतींना मुकावे लागण्याची शक्यता असते.

परिसरातील नोकरीच्या संधी मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी डी.एल.एड., संस्थांच्या माध्यमिक विद्यालयांसाठी बी.एड., तर कनिष्ठ महाविद्यालयांसाठी विषयातील पदव्युत्तर पदवीसह बी.एड. लागते. नाशिक हे आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय असून आश्रमशाळांची भरती त्या विभागाच्या अखत्यारीत होते. मालेगाव-नांदगाव परिसरात अहिराणी बोलली जाते. घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी यांतील अंतर ओळखणारा स्थानिक शिक्षक पहिल्या इयत्तांसाठी विशेष उपयुक्त ठरतो आणि या दृष्टीने डी.एल.एड. ही पदविका बी.एड.हून कनिष्ठ मानण्याचे कारण उरत नाही.

निवडीचे निकष

अध्यापक शिक्षणातील मार्ग ठरविताना पुढील क्रम सोयीचा मानला जातो.

१. अध्यापनाचा स्तर : प्राथमिक, उच्च प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक की अध्यापक महाविद्यालय, हे आधी ठरविणे.
२. विषय : त्या स्तरावर शिकविल्या जाणाऱ्या विषयात पदवी असणे, नसल्यास त्या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याची शक्यता पाहणे.
३. मान्यता : संस्था, अभ्यासक्रम व प्रवेशक्षमता यांना एनसीटीईची मान्यता असल्याची खात्री करणे.
४. खर्च व उपस्थिती : शुल्क, निवास, प्रवास आणि दोन वर्षे अर्थार्जन थांबण्याची झळ यांचा एकत्र विचार करणे.
५. पदवीनंतरचा काळ : टीईटी व टेट यांची तयारी अभ्यासक्रमासोबतच सुरू करणे आणि भरतीस विलंब झाल्यास दुसरा उपजीविकेचा पर्याय ठेवणे.

बी.एड. पूर्ण झाल्यावर लगेच एम.एड. करणे अनेकांना स्वाभाविक वाटते. शाळेतच राहावयाचे असल्यास त्या दोन वर्षांत विषयातील पदव्युत्तर पदवी घेतल्याने नववी-दहावीबरोबर अकरावी-बारावीचीही पात्रता मिळते. अध्यापक महाविद्यालयाचे ध्येय असल्यास दोन्ही पदव्या लागत असल्याने त्यांचा क्रम आणि खर्च आधीच आखणे हिताचे असते.

प्रस्तावित बदल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही अध्यापनाची किमान पदवी व्हावी, असे उद्दिष्ट आहे. अन्य विषयांत तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांची, तर चार वर्षांची बहुविद्याशाखीय पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाची बी.एड. या धोरणात सुचविली आहे. एनसीटीईने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या विनियमांच्या मसुद्यात एक वर्षाची बी.एड. व एक वर्षाची एम.एड. यांचा समावेश आहे.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले असून पदवीच्या विद्यार्थ्यांना तीन वर्षांनी बाहेर पडण्याचा किंवा चौथे वर्ष पूर्ण करण्याचा पर्याय आहे. तीन वर्षांची पदवी व दोन वर्षांची बी.एड., अथवा चार वर्षांची पदवी व एक वर्षाची बी.एड., या दोन्ही मार्गांचा एकूण कालावधी पाच वर्षेच होतो. फरक असा की दुसऱ्या मार्गात विषयाचा अभ्यास एक वर्ष अधिक होतो आणि अध्यापनाचा सराव एक वर्ष कमी. नांदगाव किंवा मनमाड येथे पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या मार्गात दोन वर्षे, तर दुसऱ्या मार्गात एकच वर्ष घराबाहेर काढावे लागेल. मात्र एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे विनियम अंतिम होऊन महाविद्यालयांना त्यानुसार मान्यता मिळेपर्यंत त्या-त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका हाच प्रवेशासंबंधीचा आधार मानावा लागतो.